दारू सुटली, तरी वाट का ओढते?



पोळा जवळ आला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या काही घरांत बायाबापड्यांच्या जिवाला घोर लागतो. बैलांसाठी नवे दोर, वेसणी, घुंगुरमाळा आणायच्या असतात, मुले आनंदात असतात. घरधन्याने अक्षय्यतृतीयेला दारू सोडलेली असते आणि चार महिने तोंडाला थेंब लागलेला नसतो. मुलांच्या वह्या वेळेवर आलेल्या असतात, निंदणाची मजुरी उसनवारी न करता चुकती झालेली असते. पोळा फुटतो, रात्रही बरी जाते. दुसऱ्या दिवशी, करीला, दुपारच्या वेळी हाच माणूस झोकांड्या खात घरी येतो.

त्या रात्री त्या घरात काय बोलले जाते, ते सांगायला नको. शपथ मोडली, मनाचा कच्चा, बायकापोरांची माया नाही. तो माणूसही दुसऱ्या दिवशी मान खाली घालून हेच म्हणतो, आणि त्या शरमेपोटी पुन्हा पितो. कृषी विस्ताराच्या कामात गावोगाव फिरताना फवारणीचे, बोंडअळीचे बोलून झाले की अनेक घरांत शेवटी हाच विषय निघतो. म्हणून आज पिकाचा विषय बाजूला ठेवून याविषयी लिहीत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. दारू सोडलेल्या माणसाला पुन्हा जी तलफ येते, ती बहुतेक वेळा आपोआप उठत नाही. काहीतरी तिला उठवते. एखादी जागा, एखादा वास, दिवसाची एखादी वेळ, एखादा सोबती. या उठवणाऱ्या गोष्टींना आपण 'खुणा' म्हणू. या खुणा ओळखता येतात, आणि ओळखल्या की त्यांचा बंदोबस्त करता येतो. तण कोणते हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही, तसेच हे आहे.

गाय पान्हवते कशाने?

हा विषय समजायला फार दूर जावे लागत नाही. आपल्या गोठ्यातच त्याचा धडा आहे.

सकाळी धार काढायच्या वेळी बादलीचा आवाज झाला, ढेपेचा वास आला, की सवयीची गाय पान्हवू लागते. वासराने अजून तोंड लावलेले नसते, कासेला हातही लागलेला नसतो. पण मेंदूकडून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते आणि सडांत दूध येते. गाय हे ठरवून करत नाही. रोज बादलीच्या आवाजामागून धार, असे शेकडो वेळा झाल्याने तिच्या शरीराने दोन्ही गोष्टींची सांगड घातलेली असते. उलट धारेच्या वेळी कुत्रे अंगावर आले, गाय भेदरली, की तीच गाय दूध चोरते. आपण तिला हट्टी म्हणतो, पण तेही तिच्या हातात नसते.

रशियातील शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव यांनी कुत्र्यांवर याचा पद्धतशीर अभ्यास केला. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. खाणे देण्याआधी कुत्र्याला ठरावीक आवाज ऐकवायचा, असे पुष्कळदा केल्यावर नुसता आवाज ऐकूनही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटू लागे. आपल्याला चिंचेचे नाव काढले की तोंडाला पाणी सुटते, त्यातलाच हा प्रकार.

आता दहा-पंधरा वर्षे दारू पिणाऱ्या माणसाचा विचार करा. रोज संध्याकाळी वावरातून परत यायचे, फाट्यावर थांबायचे, त्याच दोघातिघांबरोबर बसायचे, सोबत फुटाणे किंवा शेव, आणि मग दारू. असे हजारो वेळा घडलेले असते. संध्याकाळची ती वेळ, तो फाटा, ते सोबती, त्या फुटाण्यांची चव, या सगळ्यांची दारूशी सांगड बसलेली असते. माणसाने दारू सोडली तरी सांगड लगेच सुटत नाही. खूण समोर आली की शरीर दारूच्या तयारीला लागते.

शरीरात काय काय होते?

तलफ म्हणजे नुसता मनातला विचार, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती अंगात दिसते. व्यसनी माणसांना त्यांच्या व्यसनाच्या खुणा दाखवून डॉक्टरांनी मोजमापे घेतली आहेत. नाडीचे ठोके वाढतात, तळहातांना घाम सुटतो, दारूच्या बाबतीत तोंडाला लाळ सुटते. कोणाच्या पोटात कालवते, कोणाचा हात थरथरतो, कोणाला एका जागी बसवत नाही. म्हणून तो माणूस "मला काहीतरी होतंय" म्हणतो तेव्हा ते सोंग आहे असे समजू नये.

यामागे दोन कारणे सांगतात.

पहिले कारण मेंदूतले. मेंदूत डोपामीन नावाचे एक रसायन असते. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. माकडाला अवचित फळाचा रस मिळाला की डोपामीनच्या पेशी जाग्या होत. पुढे रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी त्या पेशी रसाच्या वेळी शांत राहू लागल्या आणि दिवा लागताच जाग्या होऊ लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर ऐन रसाच्या वेळी त्या पेशींचे काम नेहमीपेक्षाही मंदावे. आपल्या माणसाच्या बाबतीत तो दिवा म्हणजे फाटा. फाटा दिसला की मेंदू म्हणतो, आता मिळणार. न मिळाल्यास जीव कासावीस होतो. दारू तर हेच डोपामीन वाढवते, म्हणून तिची सांगड साध्या खाण्यापिण्याच्या सांगडीपेक्षा घट्ट बसते.

दुसरे कारण शरीराच्या तोल सांभाळण्याचे. दारू शरीराला सुस्त करते. रोज पिणाऱ्याचे शरीर त्या सुस्तीशी झगडायला उलट दिशेने जोर लावायला शिकते. पुढे पुढे दारू पोटात जाण्याआधीच, नुसती खूण दिसताच, शरीर तो उलटा जोर लावू शकते. दारू तर आलेली नसते. मग तो जोर अस्वस्थपणा, थरथर, चिडचिड असा बाहेर पडतो. अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे अफूवर्गातील मादक पदार्थांच्या व्यसनींसाठी सरकारी रुग्णालय होते. तेथील डॉक्टर अब्राहम विक्लर यांना १९४० च्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ज्यांचे व्यसन सुटून बरेच दिवस झाले आहेत, असे रुग्ण एकत्र बसून त्या पदार्थाविषयी बोलू लागले की त्यांना जांभया येत, नाक गळे, डोळ्यांतून पाणी येई. व्यसन नुकतेच तोडल्यावर होणारा त्रास त्यांना नुसत्या गप्पांनी होत होता.

सैनिकांचा दाखला

जागा बदलल्याने किती फरक पडतो, याचा एक मोठा दाखला आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे पुष्कळ सैनिक हेरॉईनच्या आहारी गेले होते. संशोधक ली रॉबिन्स यांनी १९७१ साली परतलेल्या सैनिकांची पाहणी केली. पाचांतल्या जवळजवळ एकाने तिथे आपल्याला व्यसन जडल्याचे सांगितले. सरकारला धास्ती वाटत होती की ही मुले घरी येऊनही तेच करतील. पण तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात शंभरातले सुमारे पाचच पुन्हा व्यसनात अडकले. हेरॉईन तिथल्याइतके स्वस्त आणि सहज मिळेना, हेही त्याचे कारण होतेच. पण ज्या जागी, ज्या सोबत्यांबरोबर, ज्या भीतीत ते घेतले जाई, ते सगळे समुद्रापार राहिले होते.

आपल्याकडे उलटे घडते. माणूस उपचारासाठी पुण्याला किंवा नागपूरला जातो, तिथे महिनाभर बरा राहतो. त्याला वाटते आपण सुटलो, घरालाही तसेच वाटते. मग एस.टी. गावच्या फाट्यावर थांबते. तोच फाटा, तोच पानठेला, तेच सोबती "अरे, आला का रे" म्हणून हाक मारतात. रुग्णालयात तलफ आली नाही, कारण तिथे खुणाच नव्हत्या. म्हणून उपचारानंतरचे पहिले काही महिने घरच्यांनी विशेष सावध राहावे. प्रयोगशाळेत मादक पदार्थ बंद केलेल्या उंदरांमध्ये असेही दिसले आहे की खुणेने उठणारी ओढ पहिले काही आठवडे कमी होण्याऐवजी वाढत जाते. दोन महिने झाले, आता भीती नाही, असे धरून चालू नये.

आपल्याकडच्या खुणा

प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात. तरी आपल्या भागात वारंवार आढळणाऱ्या काही सांगतो. यांतल्या आपल्या घराला कोणत्या लागू पडतात, ते पाहावे.

कापसाचा चुकारा. हातात एकगठ्ठा नोटा आल्या की कितीतरी वर्षे त्यातली पहिली नोट कुठे गेली, हे त्या हाताला पाठ असते. पैसा हीच खूण होते.

बाजाराचा दिवस. पिशवी घेऊन निघाल्यापासूनच मन त्या ओळीकडे धावू लागते.

पोळ्याची कर, होळी, लग्नाची वरात, तेरवीनंतरची बैठक. "आजच्या दिवस चालते" हे शब्दही खूणच आहेत.

जागली. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायला रात्री वावरात एकट्याने बसायचे, थंडी वाजते, झोप आवरायची असते. पूर्वी सोबतीला बाटली असे. आता मचाणावर चढताच तिची आठवण होते.

मोहफुलांचा वास. झरी-जामणी, घाटंजी, पांढरकवड्याकडच्या जंगलपट्ट्यात चैत्रात मोहफुले पडतात. ती पोटाला अन्न आणि हाताला पैसा देणारी फुले आहेत, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण ज्याने मोहाची दारू सोडली आहे, त्याला तो वास वाऱ्यावर आला तरी पुरतो.

अंगातल्या खुणा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. आता ती जगभर आहे, आपल्याकडेही तिच्या सभा होतात. या मंडळींत चार गोष्टींपासून सांभाळायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. दिवसभर डवरणी करून उपाशीपोटी घरी येणाऱ्या, सावकाराच्या तगाद्याने चिडलेल्या माणसाच्या अंगी या चारही एकदम असतात.

खर्राही याच नियमात बसतो. जेवणानंतर, वखराचे तास फिरून बांधावर आल्यावर, किंवा शेजारी कोणी पन्नीवर खर्रा घोटू लागला की त्या आवाजानेच तोंडाला पाणी सुटते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शंभरात सुमारे चोवीस जण धूर नसलेली तंबाखू घेत असल्याचे आढळले. दारू सोडणाऱ्याने खर्राही सोडायचा असेल तर दोन्हींच्या खुणा लिहून काढाव्यात. पुष्कळदा त्या एकच असतात.

तलफ आणि तोडीचा त्रास

येथे एका धोक्याची सूचना देणे भाग आहे. खुणेने उठणारी तलफ वेगळी आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडल्यावर होणारा त्रास वेगळा. तलफेने जीव जात नाही. दुसऱ्याने जाऊ शकतो. शेवटच्या पिण्यानंतर काही तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, नसलेली माणसे, किडे दिसू लागतात. असे झाल्यास अंगारा-धुपारा करीत बसू नये, त्याच वेळी दवाखाना गाठावा. रोज सकाळी उठल्याबरोबर ज्याला दारू लागते, त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती बंद करावी. औषधांनी हे चार-पाच दिवस सुखरूप पार पडतात.

दारू एकाएकी मिळेनाशी झाली म्हणजे काय होऊ शकते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे दारूची दुकाने बंद होती. तेव्हा वणी येथे दारूऐवजी हाताला लावायचे सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. ते विषारी असते. तरी ते प्यायले गेले, यावरून ही ओढ माणसाला कुठवर नेते ते समजावे. गावातील भगिनी एकजुटीने मतदान करून, आडवी बाटली निवडून दुकान बंद पाडतात, ते चांगलेच आहे. रोजच्या वाटेवरची मोठी खूण त्याने हटते. मात्र त्याच महिन्यात गावातल्या अट्टल पिणाऱ्यांची यादी करून त्यांना दवाखान्याची वाटही दाखवावी.

घराने काय करावे?

१. खुणांची वही करावी. ज्याने दारू सोडली आहे त्याने स्वतः, किंवा लिहिता येत नसल्यास शाळेत जाणाऱ्या मुलामुलीच्या मदतीने, तलफ आली की चार गोष्टी टिपाव्यात: वेळ, जागा, त्याआधी काय झाले, आणि किती वेळ टिकली. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट होते. बहुतेकांच्या मोठ्या खुणा पाच-सहाच निघतात.

२. वाट बदलावी. फाट्यावरून न येता पांदणीने यावे, अर्धा कोस जास्त पडला तरी चालेल. पहिले सहा महिने बाजाराला एकट्याने जाऊ नये. "मी आता पक्का झालो, भट्टीसमोरून जाऊन दाखवतो" अशी पैज कोणी लावू नये आणि घरच्यांनीही तशी परीक्षा पाहू नये.

३. चुकाऱ्याची व्यवस्था आधी करावी. पैसे थेट बँकेत जमा व्हावेत. रोख घ्यायची असेल तर सोबत घरचे माणूस असावे. हे त्याला लाजवून किंवा हिसकावून करू नये. कापूस वेचणीला येण्याआधीच दोघांनी बसून ठरवावे. ठरवण्यात त्याचा हात असला की ते टिकते.

४. संध्याकाळ भरून काढावी. ज्या वेळी प्यायची सवय होती, ती वेळ रिकामी ठेवू नये. घरी आल्याबरोबर हातपाय धुऊन काहीतरी खायला द्यावे, भाकर-चटणी असली तरी पुरे. मग धार काढणे, बैलांना वैरण, मुलांचा अभ्यास, भजनाला जाणे, असे रोजचे काम त्या वेळेला बांधून टाकावे. बैलाला नवी वाट एका दिवसात पाठ होत नाही, पण रोज त्याच वाटेने नेले तर काही दिवसांनी तो आपण होऊन वळतो.

५. घरातल्या खुणा काढाव्यात. रिकाम्या बाटल्या, तो ठरावीक पेला, खर्ऱ्याच्या पन्न्या घरात ठेवू नयेत. रॉकेलसाठी किंवा तेलासाठी दारूची बाटली वापरण्याची आपल्याकडे सवय आहे, तीही मोडावी.

६. पूर ओसरू द्यावा. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. तलफ चढते, टोकाला जाते आणि उतरते. ती कायम राहत नाही. बहुधा अर्ध्या तासाच्या आत तिचा जोर ओसरतो. पावसाळ्यात नाल्याला अचानक लोंढा आला तर शहाणा कास्तकार त्यात बंडी घालत नाही. काठावर थांबतो, कारण पाणी उतरणार हे त्याला ठाऊक असते. तलफ आली की तेवढा वेळ काठावर थांबायचे. पोटभर पाणी प्यावे, गूळ-शेंगदाणे खावेत, त्या जागेवरून उठून दुसरीकडे जावे, कोणाला तरी बोलून दाखवावे: "मला आत्ता तलफ आली आहे." घरच्यांनी हे ऐकून घाबरू नये की रागावू नये. तो सांगतो आहे म्हणजे तो लढतो आहे. प्रत्येक वेळी न पिता पूर ओसरला की पुढचा पूर थोडा कमी उंचीचा येतो.

७. तोंडाचा वास घेणे, खिसे चाचपणे, पाहुण्यांसमोर जुन्या गोष्टी काढणे टाळावे. संशय आणि अपमान याही खुणाच आहेत. त्याऐवजी रोज एकदा विचारावे, "आज कुठे जड गेलं?" माउलींनो, हे सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे, याची मला जाणीव आहे. वर्षानुवर्षे मार खाल्लेल्या बाईकडून एवढ्या शांतपणाची अपेक्षा करायची म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझे टाकण्यासारखे आहे. म्हणून हे काम तिच्या एकटीच्या माथी मारू नये. दीर, सासरा, भाऊ, शेजारी यांनी आपला वाटा उचलावा. आणि त्याने पिऊन हात उगारला तर आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्यावे. खुणांचा विचार त्यानंतर.

८. चोरून औषध देऊ नये. "त्याला न कळता दारू सोडवा" अशा जाहिराती दिसतात. दारूसोबत पोटात गेल्यास जबर त्रास व्हावा यासाठीचे डायसल्फिराम नावाचे एक औषध आहे. माणसाला न सांगता ते जेवणात मिसळले आणि तो वरून दारू प्यायला, तर जीव धोक्यात येतो. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधेही आहेत. पण कोणाला कोणते द्यायचे, हे लिव्हर वगैरे तपासून डॉक्टरच ठरवतात.

लव्हाळ्याच्या गाठी

हे सगळे करूनही कधी पाय घसरतो. तेव्हा काय समजावे?

आपल्या काळ्या जमिनीतला लव्हाळा आठवा. निंदण केले, वखर फिरवला, वरून वावर स्वच्छ झाले. पण जमिनीत गाठी राहतात आणि पहिल्या पावसाला कोंब वर येतो. म्हणून निंदण वाया गेले असे कोणी म्हणत नाही. पुन्हा निंदतो, दरवेळी गाठीतला जीव थोडा कमी होतो, आणि पिकाची सावली दाट झाली की लव्हाळा मागे पडतो. दारूच्या सांगडीचे असेच आहे. न पिता खुणेला तोंड दिले की सांगड दबते, पण पुसली जात नाही. एका जागी दबलेली सांगड दुसऱ्या जागी पुन्हा उभी राहू शकते. घरी वर्षभर नीट असलेला माणूस बहिणीच्या गावच्या वरातीत घसरतो, तो यामुळे.

तेव्हा घसरला तर त्याच रात्री भांडण काढू नये. झोपू द्यावे. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर असताना वही काढावी आणि कोणती खूण नजरेतून सुटली ते शोधावे. एका दिवसाचे पिणे महिनाभराचे होऊ न देणे, हे खरे काम. बरेच दिवस बंद ठेवल्यावर शरीराला जुने प्रमाण सोसत नाही, हेही त्याला सांगून ठेवावे.

मदत कोठे मिळेल?

यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. गावातल्या आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून तेथे कसे जायचे ते कळेल. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केले, पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी त्याला मदत केली. राज्यभरातून लोक तेथे जातात. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे 'सहचरी' नावाचा गट आहे, कारण घरी परतल्यावर काय होते यावर पुढचे सगळे अवलंबून असते, हे त्या मंडळींनी ओळखले आहे.

बंधू-भगिनींनो, पोळ्याचे आवतण आपण बैलांना आदल्या दिवशी देतो, खांदे शेकतो, तयारी आधी करतो. ज्या घरात कोणी दारू सोडली आहे, त्या घराने करीच्या दिवसाची तयारीही अशीच आधी करावी. त्या दिवशी तो कुठे असेल, कोणाबरोबर असेल, काय खाईल, दुपारी दोन ते रात्री आठ काय करील, हे पोळ्याच्या आधीच ठरवून ठेवावे. जमल्यास सकाळीच सासुरवाडीला किंवा देवदर्शनाला सहकुटुंब निघावे आणि दिवेलागणीनंतर परतावे. गावातील मंडळींना एवढीच विनंती, की त्या दिवशी त्याला "एक घोट घे" म्हणू नका.